जेवताना नाक वाहतं, चोंदतं? स्प्रे मागण्याआधी हे वाचा

आमच्या फार्मसीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हुमण-भात किंवा शाकुती जेवायला बसलं की नाकातून पाणी सुरू होतं आणि थोड्या वेळाने नाक बंद झाल्यासारखं वाटतं, अशी तक्रार घेऊन आमच्याकडे बरेच जण येतात. बहुतेकांना ना सर्दी झालेली असते, ना ॲलर्जी. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या आणि नाकातल्या नसांना झोंबतं आणि नाकातल्या ग्रंथी भराभर पाणी सोडू लागतात. मिरी, मोहरी किंवा वाफाळत्या सूपनेही असं होतं. डॉक्टर याला गस्टेटरी ऱ्हायनायटिस म्हणतात. जेवण आटोपलं की थोड्या वेळात ते आपोआप ओसरतं, म्हणून नुसतं पाणीच येत असेल तर हाताशी रुमाल ठेवा, तिखट थोडं कमी करा आणि कढत पदार्थ कोमट करून खाऊन पाहा. बिअर, वाइन किंवा फेणी घेतल्यावर नाक चोंदत असेल, तर कारण बहुधा त्या पेल्यातच आहे. दारूने नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात.

तरीही स्प्रे हवा असेल, तर कुठला, हे नीट ठरवायला हवं. झटपट नाक मोकळं करणाऱ्या बाटलीवर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असं नाव असतं. हे औषध नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. पण जेवताना येणारं पाणी ग्रंथींतून येतं आणि त्यावर याचा फारसा उपयोग नाही. शिवाय रोज वापरलं की औषधाचा अंमल उतरताच नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, म्हणून माणूस पुन्हा फवारा मारतो आणि महिनोन्‌महिने त्या बाटलीशिवाय त्याला झोप येत नाही. हे आम्ही काउंटरवर सतत पाहतो आणि आम्हाला त्याची खरोखर काळजी वाटते. म्हणून सांगतो, हा स्प्रे सलग तीन दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. रोजच्या जेवणाआधी तर नकोच. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. सवय आधीच लागली असेल तर संकोच न करता सांगा. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती सोडवता येते. काही वेळा आधी एका नाकपुडीत बंद करून, मग दुसरीत.

जेवणाच्या वेळी वाहणाऱ्या नाकासाठी डॉक्टर इप्राट्रोपियमचा स्प्रे लिहून देतात. तो ग्रंथींवरच काम करतो आणि जेवणाआधी घ्यायचा असतो. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असणाऱ्यांनी तो जपून घ्यावा. फ्लुटिकासोन, मोमेटासोन हे स्टेरॉइड स्प्रे ॲलर्जीच्या नाकासाठी आहेत. त्यांचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून ‘दोन दिवस मारला, काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. नुसत्या मिठाच्या पाण्याचा सलाइन स्प्रे मात्र रोज वापरला तरी चालतो. एकाच ब्रँडच्या नावाने सलाइनही मिळतं आणि झटपट नाक उघडणारं औषधही, तेव्हा खोक्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा.

फवारा मारायची रीत बहुतेकांची चुकते. आधी नाक हलकेच शिंकरा. बाटली नवी असेल तर हवेत दाबून पाहा, बारीक तुषार येईपर्यंत. मान किंचित पुढे झुकवा, मागे टाकू नका, नाहीतर औषध घशात उतरतं. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजवीसाठी डावा घ्या, म्हणजे नळीचं टोक आपोआप कानाच्या दिशेला वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला की तिथे जखम होते आणि घोळणा फुटतो. दाबताना श्वास हळूच आत घ्या, जोरात ओढू नका. नंतर टोक पुसून टोपण लावा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा आणि एकाची बाटली घरातल्या दुसऱ्याला देऊ नका. मुलांच्या हाताला लागेल अशी तर ठेवूच नका. ऑक्सिमेटाझोलिनसारखं औषध लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी ते गुंगीत जाऊ शकतं, श्वास मंदावू शकतो.

सुंगटं, तिसऱ्या, काजू किंवा आणखी काही खाल्ल्यावर नाकासोबत अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर ही अन्नाची ॲलर्जी असू शकते. तिथे स्प्रेवर वेळ घालवू नका, लगेच १०८ ला फोन करा. नाक नेहमी एकाच बाजूने चोंदत असेल, रक्त येत असेल, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्राव गळत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. जाताना वापरात असलेली बाटली आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.