‘टिस’मध्ये आपत्ती व्यवस्थापन शिकायचंय? आधी दाखल्यांकडे बघा

पुराच्या पाण्यात बोट घालून माणसं काढणारे जवान टीव्हीवर दिसले की या अभ्यासक्रमाची चौकशी वाढते. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: ही पदवी घेऊन एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात, भरती होता येत नाही. त्या दलात बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी अशा दलांतले जवान प्रतिनियुक्तीवर येतात. इथे शिकवतात ते पाणी चढण्याआधीचं आणि ओसरल्यानंतरचं काम. डोंगराच्या पोटाशी कोणती वाडी आहे, ती हलवायची तर कुठे, लोक उठायला का तयार नाहीत, किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली तेव्हा घरं मिळाली पण गोठ्याचं आणि शेताच्या वाटेचं काय झालं, असे प्रश्न. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) ही दरडीखाली गेलेल्या गावांची नावं ऐकून ज्यांच्या डोक्यात हे प्रश्न येतात, त्यांनी पुढे वाचावं.

मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, आहे. तिथल्या जमशेटजी टाटा आपत्ती अभ्यास प्रशालेत एम.ए./एम.एससी. आपत्ती व्यवस्थापन हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालतो. पात्रता सोपी आहे: कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी. भूगोल, सिव्हिल, नर्सिंग, समाजकार्य, कृषी, काहीही चालतं. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो, फक्त पदवीचा निकाल संस्थेने दिलेल्या मुदतीत द्यावा लागतो. प्रवेश परीक्षेला वयाची अट नाही.

दोन दारं, दोन अर्ज

प्रवेशाचं पहिलं दार सीयूईटी-पीजी, म्हणजे विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची सामाईक परीक्षा. ही परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते. अर्ज हिवाळ्यात, साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. म्हणजे बी.ए.ची शेवटची परीक्षा झाल्यावर बघू म्हणाल तर वर्ष गेलं. टिसच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना सामान्य विषयाचा पेपर (कोड सीओक्यूपी ११) लागतो. त्यात भाषेचं आकलन, गणित, आकडेवारीचा अर्थ लावणं आणि तर्क यांवर ७५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीचा पर्याय नाही. फॉर्ममध्ये कोड निवडण्याआधी त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत तो एकदा ताडून बघा, कारण चुकीचा पेपर दिलात तर चांगले गुणही कामाचे नाहीत.

दुसरं दार खुद्द टिसचं, आणि इथेच दरवर्षी मुलं अडकतात. सीयूईटीचा अर्ज भरला म्हणजे टिसचा भरला असं होत नाही. संस्थेच्या प्रवेश संकेतस्थळावर वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क. त्यातून यादी लागते आणि पुढचा निवडीचा टप्पा, मुलाखत वगैरे, संस्था स्वतः घेते. मुलाखतीची तयारी पाठांतराने करू नका. तुमच्या तालुक्यात पुराचं पाणी शेवटचं कुठवर आलं होतं, तेव्हा लोकांना कुठे हलवलं, छावणीत बायकांची काय अडचण झाली, एवढं नीट सांगता आलं तर ते जागतिक व्याख्यांपेक्षा वजनदार ठरतं.

कागदपत्रांची खरी मेख

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, फोटो, सही, ओळखपत्र हे कोणीही गोळा करतं. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना एवढं पाहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

मेख आहे आरक्षणाच्या दाखल्यात. टिस राज्याच्या सीईटी कक्षाखाली येत नाही, तिथे केंद्राचं आरक्षण लागू होतं: अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ७.५, ओबीसी २७ आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) १० टक्के. विजाभज (विमुक्त जाती-भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) हे आपल्याकडचे प्रवर्ग तिथल्या फॉर्ममध्ये नसतात. त्यामुळे आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे आधी तपासा. भटक्या-विमुक्तांतल्या अनेक जाती त्या यादीत आहेत, कुणबीही आहेत. यादीत असाल तर नॉन-क्रीमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातच हवा. राज्याचा तीन वर्षांचा नॉन-क्रीमीलेयर कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहणारे कागदपत्र तपासणीत धावपळ करतात. ईडब्ल्यूएसचंही तसंच. केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षाचा दाखला लागतो, आणि आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेबरोबर पाच एकर शेतजमिनीची अटही असते. सहा एकर कोरडवाहू असलेलं घर गरीब असूनही इथे बाद होतं, हे मला कधीच पटलेलं नाही, पण नियम तो आहे.

दाखल्याचा अर्ज आपले सरकार केंद्रातून करताना ‘केंद्र सरकारच्या नमुन्यात हवा’ असं स्पष्ट सांगा, आणि एक एप्रिलनंतर लगेच करा. मे-जूनमध्ये प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की तहसीलला रांगा लागतात.

पैशांचा विचार आधी करा. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी तिचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर करायचा. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, अधिवास आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या सत्राची सोय वेगळी धरून चला.

नोकरी सोडता येत नसेल तर

तलाठी, ग्रामसेवक, आशा पर्यवेक्षिका, अग्निशमन दलातले लोक, यांना दोन वर्षं मुंबईत राहणं जमणार नाही. त्यांच्यासाठी इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) आपत्ती व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदविका आहे. कोणतीही पदवी चालते, प्रवेश परीक्षा नाही, जानेवारी आणि जुलै अशी दोन प्रवेश सत्रं, किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षं. दूरशिक्षणासाठी आता डीईबी आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक) लागतो आणि तो काढण्याआधी एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) हवा. दोन्ही मोबाइलवरून निघतात, पण आधारला जोडलेला नंबर चालू असला तरच.