आठ मिलिमीटरच्या चौकटीत
लेगोचे दोन बाय चार खुंट्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते किती प्रकारे जोडता येतील? कंपनी बरीच वर्षं १० कोटी २९ लाख ८१ हजार ५०० असं उत्तर देत असे. कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी ते तपासलं, तेव्हा दिसलं की त्यात फक्त एकावर एक रचलेले सहा मजली मनोरेच मोजले होते. एका थरात दोन-तीन ठोकळे येऊ दिले, की संख्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ होते. तिच्यासाठी संगणक लागला. दोन ठोकळ्यांचे २४ प्रकार मात्र हाताने पडताळता येतात, आणि वेळ मजेत जातो.

मोठ्या माणसांनी ठोकळे खेळणं पोरकट वाटत असेल, तर त्यांची मापं एकदा पाहावीत. शेजारच्या दोन खुंट्यांमधलं अंतर ८ मिमी. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, तर चपट्या ठोकळ्याची ३.२ मिमी, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. आता पाच चपटे ठोकळे एकावर एक ठेवा: १६ मिमी, म्हणजेच दोन खुंट्यांची रुंदी. या एका योगामुळे ठोकळे आडवे करून बाजूनेही बसवता येतात, आणि मुरलेले छांदिष्ट वळणदार भिंती नि गुळगुळीत दर्शनी भाग याच्याच जोरावर उभे करतात.

ठोकळे एकमेकांना धरून कसे राहतात, तेही पाहण्यासारखं आहे. सुरुवातीचे ठोकळे आतून पोकळ होते आणि सहज निसटत. २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झालेल्या पेटंटमध्ये आतल्या नळ्या आल्या. खुंटी भिंत आणि नळी यांच्यात किंचित दाबली जाते. प्लास्टिक लवचीक असल्याने मूळ आकाराकडे परतू बघतं. त्या रेट्याने घर्षण वाढतं आणि पकड बसते. १९६३ पासून यासाठी एबीएस प्लास्टिक वापरलं जातं, कारण आधीचं सेल्युलोज ॲसिटेट कालांतराने वाकडं होई. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो तो या काटेकोरपणामुळे.

पुस्तिकेतली चित्रं बघत हजारो तुकडे जोडणं हा छान विसावा आहे. पण खरं शिकणं पुस्तिका बाजूला ठेवल्यावरच सुरू होतं, असं माझं मत. छिद्रांच्या पट्ट्यांची चौकट करून तिला तिरका आधार द्यायचा म्हटलं, की पायथागोरस समोर उभा राहतो. दोन्ही बाजू चार-चार अंतरांच्या घेतल्या तर कर्ण ५.६६ येतो; तिथे छिद्रच नाही. तीन आणि चार घेतल्या की कर्ण नेमका पाच. पट्ट्या मात्र ४, ५ आणि ६ छिद्रांच्या लागतात, कारण अंतरं छिद्रांपेक्षा एकाने कमी असतात. शाळेत पाठ केलेलं सूत्र इथे बोटांना कळतं. चौकोन हाताने दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही, हेही त्याच बैठकीत समजतं.

ठोकळ्यांनी मोठ्यांच्या विचारातली एक खोडही उघडी पाडली आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातले लायडी क्लोट्झ आपल्या लहान मुलासोबत पूल बांधत होते. एक खांब आखूड होता. ते जादा ठोकळा घ्यायला वळले, तोवर मुलाने लांब खांबातला एक काढून टाकला. त्यांनी सहकाऱ्यांसोबत यावर प्रयोग रचले आणि २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ते छापून आले. एका प्रयोगात छप्पर कोपऱ्यातल्या एकाच ठोकळ्यावर टेकलं होतं आणि ते मजबूत करायचं होतं. लावलेल्या प्रत्येक ठोकळ्यामागे बक्षिसातून १० सेंट कापले जाणार होते. तो एकुलता ठोकळा काढला की छप्पर फुकटात खालच्या थरावर घट्ट बसत होतं. ४१ टक्के लोकांनी तसं केलं. ‘काढायला पैसे पडत नाहीत’ असं स्पष्ट सांगितल्यावर हे प्रमाण ६१ टक्के झालं. उरलेल्यांना ते सांगूनही सुचलं नाही.