आफ्रिकन-अमेरिकन पुरुष आणि चर्च

अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये स्त्रियांच्या मानाने पुरुषांची उपस्थिती फार कमी असते. सी. एरिक लिंकन आणि लॉरेन्स मामिया या अभ्यासकांनी १९९० मध्ये अशा मंडळ्यांतील स्त्रियांचे प्रमाण साधारणपणे ६६ ते ८० टक्के असल्याचे नोंदवले. याचा अर्थ हे पुरुष नास्तिक आहेत असा मात्र नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१४ च्या पाहणीत, आपल्या आयुष्यात धर्म अत्यंत महत्त्वाचा आहे असे सांगणाऱ्यांचे प्रमाण कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये श्वेतवर्णीय स्त्रियांपेक्षाही अधिक आढळले. दुरावा आहे तो मुख्यतः संस्थेशी.

या दुराव्याचे एक मूळ गुलामगिरीत सापडते. ‘दासांनो, धन्याची आज्ञा पाळा’ या बायबलमधील उपदेशाचा मळेवाल्यांनी वापर केला, आणि स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्ये आपल्या आत्मकथनात गुलाममालकांच्या ख्रिस्ती धर्मावर कठोर टीका केली. पुढे गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या येशूची चित्रे कृष्णवर्णीयांच्याही चर्चमध्ये लागली. १९३० मध्ये डेट्रॉइट येथे स्थापन झालेल्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ या कृष्णवर्णीयांच्या मुस्लिम संघटनेने नेमक्या याच जखमेवर बोट ठेवले. शिस्त, स्वाभिमान आणि स्वतःचा रोजगार यांची भाषा बोलणारी ही संघटना तुरुंगातील तरुणांपर्यंत पोहोचली. बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या धर्मोपदेशकाचे पुत्र असलेले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तुरुंगवासातच तिच्याकडे वळले.

विरोधाभास असा, की बाकांवर स्त्रिया बहुसंख्य असल्या तरी व्यासपीठ दीर्घकाळ पुरुषांकडेच राहिले. रिचर्ड ॲलन यांच्या पुढाकाराने १८१६ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चला पहिली स्त्री बिशप, व्हॅश्टी मॅकेन्झी, २००० साली मिळाली. म्हणून ‘चर्च बायकांचे झाले, त्यामुळे पुरुष दुरावले’ हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. आठवडाभर गोऱ्या मालकाकडून मान खाली घालायला लावल्या जाणाऱ्या पुरुषाला एकेकाळी डीकनचे, म्हणजे चर्चच्या कारभारात मदत करणाऱ्या सेवकाचे, पद प्रतिष्ठा देत असे. परंतु अशी पदे मोजकीच होती, आणि इतरांच्या वाट्याला आणखी एका पुरुषाचा अधिकार मानणेच येई.

अनुपस्थितीची सगळी कारणे मनाचीही नसतात. रविवारची पाळी, तुरुंगात असलेल्या पुरुषांची मोठी संख्या आणि अकाली मृत्यू यांमुळे वस्तीतच पुरुष कमी उरतात. व्यासपीठावरून ‘भरकटलेले’ म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्यांत हेही मोजले जातात, आणि ते अन्यायाचे आहे.