जुना डेस्कटॉप, नवं ग्राफिक्स कार्ड : ‘चालेल का?’ या प्रश्नामागचा इतिहास

‘माझ्या जुन्या डेस्कटॉपमध्ये हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं कार्ड) चालेल का?’ असं कुणी विचारलं की जाणकार माणूस लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. तोच उलट विचारायला लागतो. मदरबोर्ड कोणता? एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा? कॅबिनेट अरुंद आहे का? मॉनिटरला कोणती केबल जाते? बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, कधीचं आहे? विचारणाऱ्याला वाटतं, एक कार्ड तर बदलायचंय, एवढी उलटतपासणी कशाला? पण यातला एकेक प्रश्न कुठल्या ना कुठल्या वर्षी कुणाचा तरी हात पोळल्यावर यादीत आलेला आहे. अडचण अशी कधी संपली नाही, ती जागा बदलत राहिली. ती कुठून कुठे गेली हे ठाऊक असलं तर आपल्या मशीनसमोर बसल्यावर नेमकं काय तपासायचं ते आपोआप सुचतं.

सुरुवात १९८१ पासून करावी लागते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या मदरबोर्डवर पडद्यासाठी काहीच सोय नव्हती. आत कार्ड खोचायच्या पाच फटी, म्हणजे स्लॉट, होते आणि चित्र हवं असेल तर त्यातल्या एकात कार्ड घालावंच लागायचं. पर्याय दोन. एमडीए कार्ड फक्त अक्षरं दाखवायचं, पण ती रेखीव असायची. सीजीए कार्ड रंग दाखवायचं, त्यावर १६ केबी मेमरी होती आणि ३२० x २०० च्या चित्रात एका वेळी चार रंग मिळायचे. कोणतं कार्ड घातलंय हे मशीनला कळावं म्हणून मदरबोर्डवरचे दोन बारीक स्विच पेनाच्या टोकाने वरखाली करावे लागत. म्हणजे ग्राफिक्स कार्ड ही नंतर सुचलेली चैन नाही. पीसीचा पडदा पहिल्या दिवसापासून बदलता येण्याजोगा होता, आणि जुनी मशीन आजही जगवता येतात ती याच रचनेच्या पुण्याईने.

पहिला मोठा अडसरही याच मशीनवर आला. १९८४ मध्ये आयबीएमने ईजीए कार्ड आणलं, ६४० x ३५० च्या चित्रात सोळा रंग देणारं. या कार्डाने स्वतःची रॉम चिप, म्हणजे कायमच्या सूचना साठवलेली चिप, सोबत आणली होती. संगणक सुरू होताना मुख्य बायोसने कार्डावरची रॉम शोधायची आणि तिच्यातल्या सूचना चालवायच्या, अशी कल्पना. पण सगळ्यात आधीच्या आयबीएम पीसींचं बायोस अशी शोधाशोध करतच नव्हतं, ती सोय ऑक्टोबर १९८२ च्या आवृत्तीत आली. त्यामुळे कार्ड स्लॉटमध्ये नीट बसायचं, वीज मिळायची, तरी त्या पहिल्या मशीनवर ते चालायचं नाही. इलाज एकच, मदरबोर्डवरची बायोसची चिप उपटून नवी बसवायची. ‘कार्ड बसलं, पंखा फिरतोय, पण पडदा काळा’ ही आजची तक्रार वाचली की मला आधी ही चिप आठवते.

१९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ संगणकांसोबत व्हीजीए आणलं, ६४० x ४८० आणि पंधरा पिनांची ती जोडणी. सोबत मायक्रो चॅनल नावाचा नवा स्लॉटही आणला. तो जुन्या कार्डांना जागा देत नव्हता आणि इतरांना वापरायचा तर परवान्याचे पैसे मागत होता. बाकीच्या कंपन्यांनी त्याकडे पाठ फिरवली. स्लॉट फारसा टिकला नाही, पंधरा पिनांची जोडणी मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षं राहिली.

पुढे विंडोज आलं, खिडक्या सरकवताना आयबीएम पीसीपासून चालत आलेला जुना आयएसए स्लॉट दमायला लागला. १९९२ मध्ये व्हेसा लोकल बसचा लांबलचक स्लॉट आला, पण तो ४८६ प्रोसेसरच्या तारांना इतका जखडलेला होता की तो प्रोसेसर गेल्यावर त्याचंही काम संपलं. त्याच वर्षी इंटेलने मांडलेला पीसीआय टिकला. सेकंदाला १३३ एमबी, पण त्यात साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड सगळेच वाटेकरी. १९९६ मधलं थ्रीडीएफएक्सचं वूडू कार्ड याच स्लॉटमध्ये बसायचं. ते आधीचं कार्ड काढायला लावत नव्हतं. ते फक्त त्रिमितीय चित्रं काढायचं, आणि जुन्या कार्डातून निघालेली छोटी केबल त्याच्यातून फिरून मॉनिटरकडे जायची. जुन्याच्या शेजारी नवं बसवण्याची इतकी सोपी सोय पुन्हा कधी आली नाही.

१९९७ मध्ये इंटेलने ग्राफिक्ससाठी राखीव असा एजीपी स्लॉट आणला आणि तिथून खरी गुंतागुंत सुरू झाली. वेग पहिल्याच पायरीला पीसीआयच्या दुप्पट, २६६ एमबी. पुढे तो दुप्पट, चौपट, आठपट होत २.१ जीबीपर्यंत गेला. वेग वाढवताना व्होल्टेज उतरवावं लागलं : आधी ३.३, मग १.५, शेवटी ०.८ व्होल्ट. चुकीचं कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये शिरू नये म्हणून कार्डाच्या सोनेरी कडेला खाचा ठेवल्या. माझ्याकडे त्या काळातलं एक कार्ड अजून आहे. उजेडात तिरकं धरलं की दोन खाचा स्पष्ट दिसतात. पत्र्याच्या पट्टीजवळची ३.३ व्होल्टसाठी, लांबची १.५ साठी. दोन्ही आहेत, म्हणजे कार्ड दोन्हीकडे चालणारं. फक्त पट्टीजवळची खाच असेल तर ते जुन्या बोर्डाचं कार्ड. स्लॉटमध्ये त्याच जागी प्लास्टिकचा दात असतो, तो खाचेत बसला तरच कार्ड आत जातं. योजना चोख होती. पण काही उत्पादकांनी नियम न पाळता खाचा कापल्या. असं ३.३ व्होल्टचं कार्ड १.५ व्होल्टवरच चालणाऱ्या बोर्डात शिरलं की बोर्ड कायमचा निकामी होऊ शकायचा. दात आणि खाच जुळली तरी पुस्तिका वाचायची सवय लोकांना तेव्हा लागली.

यातच स्वस्त संगणकांची निराळी कथा आहे. १९९९ मधल्या इंटेल ८१० चिपसेटमध्ये (मदरबोर्डचा कारभार पाहणाऱ्या चिपांच्या संचात) ग्राफिक्स आतच होतं आणि बाहेरच्या कार्डासाठी एजीपीची सोयच नव्हती. अशा मशीनच्या मालकांना पीसीआय कार्डांवर भागवावं लागलं, म्हणून एजीपीचा काळ सरल्यावरही नव्या चिपा जुन्या पीसीआय कार्डांवर बसवून विकल्या जात होत्या. त्याच वर्षी एनव्हीडियाचं जीफोर्स २५६ आलं आणि ‘जीपीयू’ (ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट) हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. तोवर त्रिमितीय आकृतीचे कोन फिरवण्याचं आणि प्रकाशाचं गणित प्रोसेसर करायचा, ते या चिपने आपल्याकडे घेतलं. प्रोसेसर तोच ठेवून कार्ड बदललं तरी मशीन तरुण होतं, या समजुतीला इथून बळ मिळालं. ती अर्धी खरी आहे. चित्र रंगवण्याचं काम कार्ड करतं, पण काय रंगवायचं हे अजूनही प्रोसेसरच सांगतो. तो मंद असेल तर महागडं कार्ड अर्धा वेळ वाट बघत बसतं.

२००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेस बाजारात आलं आणि एजीपीवाल्यांची पंचाईत झाली, कारण दोन्ही स्लॉट एकमेकांना अजिबात जुळत नाहीत. काही वर्षं मधला मार्ग निघाला. एक छोटी दुभाषी चिप लावून नवी कार्डं एजीपीवर बसवली गेली, रेडिऑन एचडी ३८५० हे त्यातलं गाजलेलं. नव्या स्लॉटने मात्र एक फार मोठा दिलासा दिला. सोळा मार्गिकांचा, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या सोळा वाटांचा, तो लांब स्लॉट तेव्हापासून दिसायला तोच आहे. पहिल्या आवृत्तीत एका दिशेने सेकंदाला ४ जीबी, २००७ च्या दुसरीत ८, २०१० च्या तिसरीत जवळपास १६, आणि प्रत्येक आवृत्ती मागच्याशी जुळवून घेते. आजचं कार्ड पंधरा वर्षं जुन्या बोर्डात शिरतं आणि बहुधा चालतं. आधीच्या वीस वर्षांत असं सुख कुणाला मिळालं नव्हतं.

मग अडसर सरकला विजेकडे. खरं तर त्याची चाहूल आधीच लागली होती. २००० मधलं वूडू ५ ५५०० हार्ड डिस्कला लागते तसली चार पिनांची वायर मागायचं, आणि २००२ मधलं रेडिऑन ९७०० प्रो फ्लॉपी ड्राइव्हची वायर घ्यायचं. पीसीआय एक्सप्रेसने हिशेब बांधून दिला : ग्राफिक्सच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट, सहा पिनांच्या वायरमधून आणखी ७५, आठ पिनांच्या वायरमधून १५०. मोठी कार्डं ही बहुतेक सगळी वीज १२ व्होल्टवर घेतात. जुन्या एसएमपीएसची घडण मात्र ३.३ आणि ५ व्होल्टवर भर देणारी होती. ती १२ व्होल्टकडे झुकायला लागली २००० च्या सुमारास, पेंटियम ४ साठी चार पिनांची वेगळी जोडणी आली तेव्हापासून.

म्हणून एसएमपीएसवरचा मोठा आकडा फसवतो. माझ्या टेबलावर पडलेल्या एका जुन्या एसएमपीएसवर ठळक ‘३०० वॅट’ छापलंय. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर आहेत. १४ गुणिले १२, १६८ वॅट. त्यातले ६५ ते ९५ प्रोसेसर घेणार, थोडे पंख्यांना आणि डिस्कला. कार्डाला काय उरतं ते समोर आहे. तरीही लोक साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, वायरला अडॅप्टर लावून सहा पिना बनवतात. कृपा करून ते करू नका. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे ५४ वॅट, आणि सहा पिनांची वायर ७५ मागू शकते. प्लास्टिक वितळतं ते याच फरकामुळे.

या कोंडीतून जुन्या मशीनवाल्यांना सोडवलं ते फेब्रुवारी २०१४ मधल्या जीटीएक्स ७५० टीआयने. एनव्हीडियाच्या मॅक्सवेल रचनेची ही पहिली चिप, खपत अवघी ६० वॅट. त्यामुळे वेगळी वायर न लागणारी आवृत्ती शक्य झाली. कार्यालयांतून निवृत्त झालेले, साध्या एसएमपीएसचे, कधी कधी कंपनीच्या स्वतःच्या खास पिनांचे डेस्कटॉप अचानक खेळ चालवायला लागले. माझ्या मते जुन्या डेस्कटॉपच्या इतिहासात याच्याइतकं उपकारक कार्ड दुसरं नाही. २०१६ मधल्या जीटीएक्स १०५० टीआयने आणि २०१९ मधल्या १६५० ने ७५ वॅटच्या आत तीच परंपरा चालवली. फक्त बुटक्या कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचं कार्ड लागतं, आणि काही छोट्या मशीनमध्ये उत्पादकाने स्लॉटची मर्यादा ७५ हूनही कमी ठेवलेली असते.

दुसरीकडे मोठ्या कार्डांची भूक वाढतच गेली. २०२२ मध्ये ६०० वॅटपर्यंतची सोळा पिनांची नवी जोडणी आली, तिच्याही पिना काही ठिकाणी वितळल्या आणि २०२३ मध्ये रचना सुधारावी लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं, तेव्हा त्या कामात जुंपलेली कार्डं जुन्या बाजारात आली. ती बहुतेक सहा-आठ पिना मागणारी. जुन्या मशीनला घेताना कार्डासोबत एसएमपीएसचा खर्चही धरावा लागतो.

बायोसची अडचणही परत आली. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत जुन्या बायोसची जागा घेणारी यूईएफआय पद्धत घरोघरी पोचली. कार्डावरच्या रॉममध्ये आता त्या पद्धतीच्या सूचना लागतात. आधीच्या कार्डांत त्या नसत, आणि संक्रमणाच्या काळातले काही बोर्ड नव्या कार्डावर पडदा काळाच ठेवत, बायोस अद्ययावत करेपर्यंत. चिप उपटायची गरज उरली नाही, पेन ड्राइव्हवरून काम होतं, पण दुखणं १९८४ चंच. त्यात आणखी एक भर : प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीतला एका वेळी २५६ एमबीचाच तुकडा दिसायचा, ती खिडकी मोठी करण्याची सोय २०२० च्या सुमारास सर्रास झाली. इंटेलची २०२२ मधली आर्क कार्डं तिच्यावर इतकी विसंबून आहेत की ती सोय नसलेल्या बोर्डावर त्यांचा वेग बराच घसरतो. जुन्या मशीनसाठी ती घेऊ नयेत.

आणि गंमत म्हणजे स्लॉट पुन्हा आडवा आला. जानेवारी २०२२ मधल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीची कड लांब दिसते, पण आत मार्गिका चारच जोडलेल्या. नव्या चौथ्या आवृत्तीच्या बोर्डावर ते खपून जातं. तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर चार मार्गिका म्हणजे सुमारे ४ जीबी, २००४ च्या पहिल्या स्लॉटइतकेच. दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर २ जीबी, म्हणजे एजीपीच्या शेवटच्या पायरीहूनही थोडे कमी. कार्डावर मेमरी ४ जीबी असल्याने ती भरली की माल मुख्य मेमरीतून याच अरुंद वाटेने आणावा लागतो आणि खेळ अडखळतो. म्हणून वेष्टनावर कितीही मोठा आकडा असला तरी मार्गिका सोळा, आठ की चार, हे आधी पाहायचं.

मॉनिटरचं म्हणाल तर १९८७ च्या त्या पंधरा पिना आता संपल्यात. एएमडीच्या २०१३ मधल्या आर९ २९०एक्सवर आणि एनव्हीडियाच्या २०१६ मधल्या मालिकेवर त्या पिनांना लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल मिळेनासा झाला. जुना मॉनिटर ठेवायचा तर सिग्नल खरोखर बदलणारा कन्व्हर्टर लागतो, नुसती पिनांची टोपी चालत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट हलली नाही. आयबीएमने १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये आठ स्लॉट मावावेत म्हणून दोन स्लॉटमधलं अंतर एका इंचावरून ०.८ इंचावर आणलं. कार्ड काढून कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यातल्या खिडक्यांवर पट्टी धरून पाहा : एका खिडकीपासून दुसरीपर्यंत २० मिलिमीटर आणि थोडं वर. आजची जाडजूड कार्डं दोन खिडक्या अडवतात की तीन, हे मोजलं जातं ते अजून त्याच मापात.