कोकणचे वेगवेगळे स्वातंत्र्यदिन

१५ ऑगस्टचे झेंडावंदन आज साऱ्या कोकणात होते, पण या किनाऱ्यावर स्वातंत्र्य काही एका दिवसात आले नाही. कुलाबा (आजचा रायगड) आणि रत्नागिरी हे इंग्रजी अमलातले जिल्हे १९४७ साली मोकळे झाले. मुरूड-जंजिरा मात्र नवाबाकडे होता, सावंतवाडीत भोसल्यांची गादी होती आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की पोर्तुगीज.

संस्थानांचे घोडे फार अडले नाही. सावंतवाडी १९४८ साली विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आली. जंजिऱ्यात लोकांना जोर लावावा लागला. त्याच वर्षी मोहन धारियांसारखे तरुण नवाबाच्या मुलखात शिरले आणि विलीनीकरण झाले. जो जलदुर्ग संभाजीराजांनाही दाद देईना, त्याचे संस्थान शेवटी एका सहीने खालसा झाले!

खरी झुंज झाली ती दक्षिणेला. तेरेखोलचा किल्ला खाडीच्या अलीकडे, रेडीच्या अंगाला, तरी हद्द गोव्याची. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो आणि त्यांच्या साथीदारांनी त्यावर तिरंगा चढवला. पोर्तुगीजांनी त्यांना पकडून तुरुंगात डांबले. पुढच्या वर्षी १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. मग १५ ऑगस्ट १९५५ उजाडला. देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही बांद्याहून भर पावसाळ्यात पत्रादेवीकडे निघाले. हद्दीवर गोळीबार सुरू झाला. झेंडा धरलेल्या सहोद्राबाई राय जखमी झाल्या, तेव्हा पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल पुढे झाले आणि गोळी लागून तिथेच पडले. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी हुतात्मा झाले. ज्या दिवशी इकडे रत्नागिरीत शाळेशाळेतून प्रभातफेऱ्या निघत, त्याच दिवशी थोड्या अंतरावर तिरंगा हाती धरणे जिवावर बेतत होते. दिल्लीला मात्र लष्कर धाडायला आणखी सहा वर्षे लागली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांची राजवट संपली. गोव्याने महाराष्ट्रात सामील व्हायचे का, यावर १९६७ च्या जानेवारीत जनमत कौल झाला. इकडच्या पुष्कळांना आपल्या बाजूने कौल लागेल अशी खात्री होती, पण गोवेकरांनी नकार दिला. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले. तेरेखोल किल्ला अजून गोव्यातच आहे. त्यामुळे तिथे १९ डिसेंबरला सुट्टी असते आणि लगतच्या रेडीत शाळा भरते.