पेशीपटलाची दुरुस्ती

पेशीपटल (प्रद्रव्यपटल) फाटले किंवा त्याला छिद्र पडले असता जिवंत पेशी ज्या प्रक्रियेने ते काही सेकंदांत, फार तर मिनिटाभरात सांधते, तिला पेशीपटलाची दुरुस्ती म्हणतात. मुख्यत्वे मेदाच्या दुहेरी थराचे बनलेले हे पटल अवघे ५ ते १० नॅनोमीटर जाडीचे असते आणि स्नायू, आतडे, त्वचा यांसारख्या सतत ताण सोसणाऱ्या ऊतींमध्ये ते वरचेवर फाटते. पेशीबाहेरील द्रवात मुक्त कॅल्शियम आयनांचे प्रमाण पेशीद्रवातील प्रमाणाच्या सुमारे दहा हजार पट असते. त्यामुळे छिद्र पडताच कॅल्शियम आत शिरते. ते दीर्घकाळ शिरत राहिले तर पेशी मरते. परंतु पहिल्या काही क्षणांत दुरुस्तीची सूचनाही त्याच्याच शिरण्यातून मिळते.

या विषयाचा इतिहास अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक लुईस व्हिक्टर हाइलब्रुन यांच्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. सी अर्चिन या सागरी प्राण्याची अंडी चिरडली असता बाहेर सांडणाऱ्या पेशीद्रवाभोवती नवे आवरण तयार होते, मात्र कॅल्शियमविरहित पाण्यात ते होत नाही आणि पेशीद्रव तसाच वाहून जातो, असे त्यांनी दाखविले. या निरीक्षणासाठी बहुधा १९३० हे वर्ष दिले जाते. तथापि हाइलब्रुन यांचे या दिशेचे काम १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धातच चालू झालेले होते, त्यामुळे एकच वर्ष धरणे तितकेसे योग्य ठरत नाही. शिवाय त्यांचा भर दुरुस्तीवर नव्हता. पेशीद्रवाच्या कलिल (कोलॉइड) स्वरूपाविषयीच्या व्यापक उपपत्तीचा हा एक पुरावा म्हणून त्यांनी तो मांडला होता. त्यानंतर बराच काळ अशी समजूत राहिली की मेदाचा थर पाण्यातील तेलाच्या तवंगाप्रमाणे आपोआप जुळून येतो. कृत्रिम मेदपटलातील छिद्रांबाबत हे पुष्कळ अंशी खरे आहे. जिवंत पेशीचे पटल मात्र आतील पेशीकंकालाला (पेशीला आधार देणाऱ्या प्रथिनतंतूंच्या जाळ्याला) जखडलेले व ताणलेले असते, आणि म्हणून मोठे छिद्र स्वतःहून मिटत नाही.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस पॉल मॅकनील यांनी ही घटना शरीराच्या आतही नित्य घडते हे सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. रक्तद्रवातील अल्ब्युमिन हे प्रथिन एरवी पेशीत शिरत नाही. ते पेशीद्रवात सापडले तर त्या पेशीचे पटल कधीतरी फाटून पुन्हा सांधले गेले असले पाहिजे, हा त्यांच्या पद्धतीचा आधार होता. या पद्धतीने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पचनमार्गातील पेशी (१९८९) आणि व्यायामाने ताणलेले स्नायुतंतू (१९९२) तपासले. दुरुस्तीच्या यंत्रणेकडे निर्णायकपणे लक्ष वेधले ते मात्र बर्कली येथील रिचर्ड स्टाइनहार्ट यांच्या गटाने. सी अर्चिनच्या अंड्यातील फलनाच्या वेळची कॅल्शियमची भूमिका हा स्टाइनहार्ट यांचा आधीपासूनचा विषय होता. बॉट्युलिनम व टिटॅनस या जंतुविषांमुळे चेतातंतूंच्या टोकांशी पुटिकांचे (पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्यांचे) पटलाशी होणारे मीलन थांबते. तीच विषे अंड्यात व संयोजी ऊतीच्या पेशींत टोचली तर पटलाची दुरुस्तीही थांबते, असे त्यांनी १९९४ मध्ये दाखविले. म्हणजेच दुरुस्ती ही निष्क्रिय भौतिक घटना नसून तीत पेशीचे पुटिका-वहनतंत्र राबते. १९९७ मध्ये मार्क तेरासाकी, मियाके व मॅकनील यांनी अंड्यांना मोठ्या जखमा करून असे मांडले की आतील पुटिका प्रथम एकमेकींत मिसळून पटलाचा एक मोठा तुकडा बनवितात आणि तो ठिगळासारखा छिद्रावर बसतो. ‘ठिगळ-उपपत्ती’ म्हणून ती ओळखली जाते.

ठिगळासाठी लागणारे पटल येते कोठून, हा प्रश्न त्यानंतरच्या दशकभर सर्वाधिक वादाचा ठरला. अंड्यात पीतकाच्या (बलकाच्या) कणांचा साठा भरपूर असतो, परंतु सामान्य पेशीत असा साठा नसतो. या वादात मध्यवर्ती ठरलेल्या नॉर्मा अँड्र्यूज या मूळच्या ब्राझीलच्या. साव पावलो विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात विद्यावाचस्पती झाल्यानंतर त्यांनी न्यूयॉर्क, येल आणि पुढे मेरीलँड विद्यापीठात संशोधन केले. दुरुस्ती हा त्यांचा मूळ विषय नव्हता. चागास रोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा क्रूझी पेशीत कसा शिरतो याचा त्या अभ्यास करीत होत्या, आणि परजीवी जेथे चिकटतो तेथे पेशीतील लयकारिका (लायसोसोम) गोळा होऊन बाह्य पटलाशी मिसळतात, असे त्यांच्या गटाला १९९२ मध्ये आढळले. लयकारिका हे पेशीचे पचनस्थान, अशीच तिचे शोधक क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांच्या काळापासूनची रूढ कल्पना होती. कॅल्शियमच्या इशाऱ्याने तिने पटलाशी मिसळावे, हे अनपेक्षित होते. २००१ मध्ये रेड्डी, केलर व अँड्र्यूज यांनी असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की पटलाची दुरुस्ती लयकारिकांच्या अशा बहिःसरणातूनच (पटलाशी मिसळून आतील द्रव्य बाहेर सोडण्यातूनच) होते आणि सिनॅप्टोटॅग्मिन-७ हे प्रथिन तीत कॅल्शियमचा संवेदक म्हणून काम करते. या प्रथिनाविना वाढविलेल्या उंदरांत दुरुस्ती मंदावते व स्नायुदाह होतो, हे दोन वर्षांनी दिसून आले.

या निष्कर्षाला २००४ मध्ये आव्हान मिळाले. व्हॅक्युओलिन-१ हे रसायन लयकारिकांचे बहिःसरण रोखते, परंतु पटलाची दुरुस्ती रोखत नाही, असे एका गटाने कळविले. हे खरे असेल तर लयकारिका दुरुस्तीला अनावश्यक ठरतात. पुढील वर्षी ह्युइन व अँड्र्यूज यांनी उत्तर दिले की हे रसायन लयकारिकांना फुगवून त्यांचे रूप बदलते खरे, पण बहिःसरण थांबवीत नाही. दोन्ही प्रयोगांची मांडणी सारखी नव्हती, आणि केवळ या एका रसायनावरून लयकारिकांचा पक्ष फेटाळणे पुढील अभ्यासकांनी फारसे मान्य केलेले दिसत नाही.

वादाला खरे वळण मिळाले ते छिद्राच्या प्रकाराचा विचार सुरू झाल्यावर. स्ट्रेप्टोलायसिन-ओ हे जीवाणूंचे विष पटलात सुमारे २५ ते ३० नॅनोमीटर रुंदीचे, प्रथिनांची कडा असलेले पक्के छिद्र पाडते. असे छिद्र ठिगळाने बुजणे अवघड असते. ते पटलातून काढूनच टाकावे लागते. २००८ मध्ये अँड्र्यूज यांच्या गटातील इदोने व सहकाऱ्यांनी दाखविले की जखमी पेशी छिद्रासहित पटलाचा तुकडा आत ओढून घेते. त्यापाठोपाठ २०१० मध्ये या गटाने लयकारिकांचे काम नव्याने मांडले: त्या ठिगळ पुरवितात यापेक्षा त्या ॲसिड स्फिंगोमायलिनेज हे विकर बाहेर सोडतात, ते पटलाच्या बाहेरील थरातील स्फिंगोमायलिन या मेदाचे सिरॅमाइडमध्ये रूपांतर करते, आणि सिरॅमाइडमुळे पटल आत वळते. या विकराचा जन्मतः अभाव असलेल्या नीमान-पिक या आनुवंशिक रोगाच्या रुग्णांच्या पेशींत दुरुस्ती दुबळी असते आणि विकर बाहेरून दिल्यास ती सुधारते, हा या मताचा भक्कम पुरावा होय. ट्रिपॅनोसोमा क्रूझी हीच वाट वापरून पेशीत घुसतो, असे २०११ मध्ये त्याच गटाला आढळले, आणि दोन दशकांपूर्वीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने दुरुस्तीच्या अभ्यासातून मिळाले.

याउलट, पॅरिसच्या क्युरी संस्थेतील गटाने २०१४ मध्ये असे प्रतिपादन केले की १०० नॅनोमीटरहून लहान जखमा आत ओढल्या जात नाहीत, तर ‘एस्कॉर्ट’ या प्रथिनसमूहाच्या साहाय्याने बाहेरच्या बाजूला चिमटून टाकल्या जातात. ॲनेक्सिन ही प्रथिने कॅल्शियमच्या सान्निध्यात फाटलेल्या कडेवर जमतात. त्यांतील ए५ हा प्रकार द्विमितीय जाळी बनवून फाट पसरू देत नाही, असे २०११ मधील काम सुचविते. ही मते परस्परविरोधी मानण्यापेक्षा जखमेचा आकार, कारण व पेशीचा प्रकार यांनुसार यंत्रणा बदलते असे मानणे आज अधिक ग्राह्य वाटते.

वैद्यकीय दृष्ट्या सर्वांत स्पष्ट उदाहरण डिस्फर्लिनचे आहे. या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे मियोशी मायोपॅथी हा स्नायुविकार व कमरेच्या आणि खांद्याच्या स्नायूंची एक मस्क्युलर डिस्ट्रॉफी होते, हे १९९८ मध्ये कळले होते. २००३ मध्ये आयोवा येथील केव्हिन कॅम्बेल यांच्या प्रयोगशाळेने डिस्फर्लिन नसलेल्या उंदरांच्या स्नायुतंतूंना लेझरने जखमा केल्या. एफएम १-४३ हा रंग फाटीतून आत शिरल्यावरच ठळक चमकतो. निरोगी तंतूंत रंगाचा शिरकाव लवकर थांबला, सदोष तंतूंत तो चालूच राहिला. स्नायू दुबळा होण्याचे कारण पटल सहज फाटणे हेच असेल असे नाही, फाटलेले न सांधणे हेही असू शकते, हा विचार येथून रूढ झाला. एमजी५३ या स्नायुप्रथिनाचा दुरुस्तीतील सहभाग २००९ मध्ये जियानजी मा यांच्या गटाने वर्णिला.

वनस्पतींमध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीचे सिनॅप्टोटॅग्मिन-१ हे प्रथिन गोठण्याने फाटलेल्या पटलाच्या दुरुस्तीशी जोडले गेले आहे. बेडकाच्या अंडपेशीत जखमेभोवती ॲक्टिन व मायोसिन यांचे कडे तयार होऊन ते आवळत जाते, असेही आढळले आहे. मात्र हे काम पटलाखालील पेशीकंकालाच्या दुरुस्तीचे म्हणून वेगळे धरले जाते.