फांदीवर माती साठवणारा नेचा

पावसाळ्यात कोकणातल्या जुन्या आंब्यांच्या जाड फांद्यांवर लांब, हिरव्या, खोल कातरलेल्या पानांची दाट रांग उभी राहते. तिला बांडगूळ समजू नये. हा बाशिंग किंवा अश्वकात्री या नावांनी ओळखला जाणारा नेचा असून तो झाडाच्या अन्नरसाला हात लावत नाही. त्याला हवा असतो तो फक्त आधार आणि उंचावरचा उजेड.

अडचण अशी की फांदीवर माती नसते आणि पाऊस थांबला की साल लवकर कोरडी पडते. यावर बाशिंगाने काढलेली वाट मला वनस्पतिसृष्टीतल्या अतिशय देखण्या योजनांपैकी एक वाटते. त्याला दोन प्रकारची पाने येतात. त्यांपैकी आखूड, रुंद, देठ नसलेली पाने फांदीवर सरपटणाऱ्या मांसल खोडाला बिलगून राहतात, थोड्याच काळात हिरवेपणा गमावून कागदासारखी तपकिरी होतात, पण गळत नाहीत. त्यांच्या आडोशाला वरून पडलेला पाचोळा आणि धूळ साचते, कुजते, आणि त्या ओलसर खतात नेच्याची मुळे पसरतात. वाळलेले पान इथे कुंडीचे काम करते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या जातीला दिलेल्या नावाचा अर्थ ‘ओकसारख्या पानांचा’ असा आहे आणि ही वाळकी पाने पाहिली की तो पटतो.

दुसरी पाने मीटरभर लांब होऊ शकतात. अन्न तयार करणे आणि पाठीवर बीजुके, म्हणजे नवी रोपे ज्यांपासून होतात ते धुळीसारखे कण, धरणे ही कामे त्यांची. कोरड्या ऋतूत ती झडतात. खवल्यांनी झाकलेले खोड पुढच्या पावसापर्यंत तग धरते.

आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटाच्या बारमाही ओल्या जंगलात घरटे-नेचा हा दुसरा नेचा पाचोळा साठवण्याचे हेच काम नरसाळ्यासारख्या पर्णगुच्छाने करतो. तिथल्या मोठ्या नेच्यांचे ओले वजन २०० किलोपर्यंत भरले आणि त्यांच्यात कीटकादी प्राण्यांची प्रचंड वस्ती आढळली.

बाशिंग कोरडेपणा सोसत असला, तरी त्याचे प्रजनन पाण्यावाचून होत नाही. बीजुकापासून आधी हृदयाच्या आकाराचा एक इवलासा हिरवा पापुद्रा तयार होतो आणि त्यावरच्या पुंपेशींना स्त्रीपेशीपर्यंत पोहत जावे लागते. त्यासाठी पाण्याचा पातळ थर पुरतो, मात्र तो सालीवर टिकून राहावा लागतो. कोकणात हे बहुधा पावसाळ्यातच घडते.